दुष्काळ आकाशातून येतो काय?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

या अभ्यासवर्गाच्या संयोजकांनी मला 'लोकसमजुती आणि वास्तव' असा विषय दिला आहे. या विषयावर बोलणारा वक्ता बहुधा भानामती, करणी, अंगात येणे यांची उदाहरणे देतो. त्या समजुतींविरुद्धची लढाई महत्त्वाची आहे. २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांना त्या लढाईत प्राण द्यावे लागले हे आपण विसरू शकत नाही. परंतु आज मी ती उदाहरणे घेणार नाही. आपण, म्हणजे वर्तमानपत्रे वाचणारे, मोर्चे काढणारे, ठराव लिहिणारे लोक, ज्या समजुतींना समजूत म्हणून ओळखतच नाही, त्यांपैकी एक समजूत आज तपासावी असा माझा विचार आहे.

ती समजूत अशी: पाऊस पडला नाही म्हणजे दुष्काळ पडतो, आणि दुष्काळात धान्य पिकत नाही म्हणून माणसे उपाशी राहतात. हे विधान इतके सरळ आहे की त्यात तपासण्यासारखे काय आहे, असे तुम्हांला वाटेल. मलाही पुष्कळ वर्षे तसेच वाटत होते.

१९७२ साली मी वीस वर्षांचा होतो. त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यात एका दुष्काळी कामावर मला पाठविण्यात आले होते. रस्त्याच्या कडेला शेकडो माणसे खडी फोडीत बसली होती. त्यांत स्त्रिया अधिक होत्या. दुपारच्या सुटीत मी त्यांच्यापुढे भाषण केले. सलग तिसऱ्या वर्षी पावसाने कसा दगा दिला, विहिरी कशा आटल्या, जनावरे कशी गेली, हे सर्व मी मोठ्या तळमळीने सांगितले. ऐकणाऱ्यांत एक म्हातारी होती. भाषण संपल्यावर ती म्हणाली, "लेकरा, पाऊस देवानं दिला न्हाई, ते समजलं. दोन हप्त्यांचा पगार कुणी दिला न्हाई, ते सांग की."

"मावशी, चौकशी करतो," असे म्हणून मी वेळ मारून नेली. चौकशी केली तेव्हा कळले की पैसे आलेले होते. मोजमापाच्या वहीवर एक सही व्हावयाची राहिली होती म्हणून वाटप थांबले होते. ज्या बाईला शाळेची पायरी ठाऊक नव्हती, तिने पाऊस आणि पगार या दोन गोष्टी वेगळ्या करून माझ्यापुढे ठेवल्या होत्या. मी त्या एकत्र बांधून तिला व्याख्यान देत होतो.

वास्तविक आपल्या भाषेने हा भेद पूर्वीच केलेला आहे. पाऊस न पडणे याला मराठीत 'अवर्षण' असा शब्द आहे. 'दुष्काळ' हा शब्द निराळा आहे. त्याचा अर्थ वाईट काळ. अवर्षण ही निसर्गातील घटना होय. तिच्यातून माणसांवर वाईट काळ येतो की नाही, कोणावर येतो, किती येतो, हे मात्र निसर्ग ठरवीत नाही. दोन शब्दांचा एक शब्द झाला की मधली सारी माणसे, कचेऱ्या, बाजार आणि कायदे दृष्टीआड होतात.

प्रथम उपासमारीचा प्रश्न घेऊ. धान्य नाही म्हणून माणसे मरतात, हे कितपत खरे आहे?

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनसह दक्षिण हिंदुस्थानात मोठा दुष्काळ पडला आणि त्याची झळ उत्तरेपर्यंत पोचली. इंग्रजी मुलखात पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली, असा खुद्द सरकारने नेमलेल्या दुष्काळ आयोगाचा अंदाज होता. त्याच काळात देशातून परदेशी गव्हाची निर्यात चालू होती. दुष्काळी कामांवर राबणाऱ्या पुरुषाला दिवसाकाठी एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्य आणि वर एक आणा एवढ्या मजुरीत भागविता येईल, असे सर रिचर्ड टेंपल यांनी ठरविले. 'टेंपल वेतन' या नावाने ते कुप्रसिद्ध झाले. मुंबई इलाख्यातील मजुरांनी १८७७ साली या वेतनाविरुद्ध कामे सोडून दिली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. आपल्या भागातील मजुरांच्या संपाचा इतिहास सांगताना आपण गिरण्यांपासून आरंभ करतो. उपाशी पोटी खडी फोडणाऱ्यांनी केलेला हा संप आपल्याला आठवत नाही. त्या मजुरांचे भांडण ढगांशी नव्हते. ते ४५० ग्रॅमांशी होते.

दुसरे उदाहरण बंगालचे. १९४३ साली तेथे जो दुष्काळ पडला त्यात सरकारी चौकशी आयोगाच्या मते पंधरा लाख, आणि नंतरच्या अभ्यासकांच्या मते तीस लाखांच्या आसपास माणसे मेली. अमर्त्य सेन त्या वेळी नऊ-दहा वर्षांचे होते आणि त्यांनी तो दुष्काळ डोळ्यांनी पाहिला होता. पुढे १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी आकडे तपासून दाखविले की, १९४३ साली बंगालमध्ये उपलब्ध असलेले धान्य त्याआधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा केवळ पाच टक्क्यांच्या आसपास कमी होते. आणि १९४१ साली, जेव्हा दुष्काळ नव्हता, त्याहून ते सुमारे तेरा टक्के अधिक होते. या आकड्यांवर काही अर्थशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले आहेत, हेही सांगितले पाहिजे. परंतु मुख्य मुद्दा टिकून आहे. युद्धकाळात कलकत्त्यात पैसा ओतला जात होता, तांदळाचे भाव अनेक पटींनी चढले, आणि शेतमजूर, कोळी, गावातले कारागीर यांच्या हातातील मजुरी त्या भावांपुढे निरुपयोगी ठरली. प्रश्न तांदूळ आहे की नाही एवढाच नव्हता. तो विकत घेण्याची ऐपत कोणाजवळ आहे, हा होता.

आता याच्या उलट उदाहरण पाहा, आणि ते आपल्या घरचे आहे. १९७२-७३ साली महाराष्ट्रात धान्याचे उत्पादन खरोखरीच कोसळले होते. समजूत खरी मानली तर बंगालपेक्षा भयंकर संहार येथे व्हावयास हवा होता. तो झाला नाही. हाल अपार झाले, जनावरे मेली, घरे उठून गेली. परंतु लाखोंच्या संख्येने माणसे मेली नाहीत. असे का झाले? १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. हातात मजुरी होती म्हणून बाहेरून आलेले धान्य, मग ती नावडती लाल मिलो का असेना, त्यांना विकत घेता आले. मुलांना सुकडी मिळाली. आणि हे सारे सरकारला आपोआप सुचले नाही. गावोगाव कामासाठी मोर्चे निघाले, कचेऱ्यांना घेराव पडले. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्याच काळात राज्यभर रुजली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्यासाठी शहरातील नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसायकर बसला. देशपातळीवर तसा कायदा व्हावयास २००५ साल उजाडावे लागले.

एकीकडे धान्य फारसे कमी नसताना लक्षावधी माणसे मेली. दुसरीकडे धान्य बुडाले असताना माणसे जगली. मधला फरक मजुरीचा, शिधावाटपाचा आणि लोकांच्या दडपणाचा होता. त्या म्हातारीचा प्रश्न म्हणूनच योग्य होता. पगार कुणी दिला नाही, हेच विचारावयाचे असते.

आता समजुतीचा दुसरा भाग. पाणी नाही कारण पाऊस नाही, असे आपण म्हणतो. देशातील सर्व राज्यांत मोठ्या धरणांची संख्या महाराष्ट्रात सर्वाधिक आहे. तरीही उन्हाळा आला की मराठवाड्यात आणि माणदेशात टँकर फिरू लागतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले; बारा एप्रिलला दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी तेथे पोचली. देशभर त्या गाडीची छायाचित्रे झळकली. निसर्गाच्या कोपाचे ते चित्र आहे, असे सर्वांनी मानले. आणि मांजरा धरण कोरडे पडले होते हे खरेच होते. परंतु त्याच मराठवाड्यात त्या हंगामात साखर कारखान्यांनी उसाचे गाळप केले होते. एक किलो साखर तयार होईपर्यंत दोन हजार लिटरांच्या आसपास पाणी खर्च होते. ते पाणी कोठून आले, हा प्रश्न त्या छायाचित्रात दिसत नव्हता.

राज्यातील एकूण पिकांखालच्या जमिनीपैकी जेमतेम चार-पाच टक्के जमिनीवर ऊस असतो; सिंचनाच्या पाण्यातील त्याचा वाटा मात्र निम्म्याहून बराच अधिक आहे. तुटीच्या खोऱ्यांत उसाला आवर घातला पाहिजे, असे माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जलसिंचन आयोगाने १९९९ साली सांगून ठेवले. शिफारस दप्तरात राहिली. ऊस वाढत गेला. तेव्हा ज्याला आपण पाण्याची टंचाई म्हणतो, ती पुष्कळदा पाण्याची वाटणी असते.

याला पुरावा म्हणून दोन गावे सांगतो. पुरंदर तालुक्यातील नायगाव हे कमी पावसाचे गाव. बहात्तरच्या दुष्काळाने अस्वस्थ झालेले विलासराव साळुंखे हे पुण्याचे अभियंता-उद्योजक तेथे गेले आणि १९७४ पासून पाणी पंचायतीचा प्रयोग उभा राहिला. त्याचे नियम लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, घरातील माणसांच्या प्रमाणात मिळेल: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला अधिकांत अधिक अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा असेल. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकला जाणार नाही. ऊस लावावयाचा नाही. पावसात एका थेंबाची वाढ न होता त्या शिवाराचे रूप पालटले. दुसरे गाव पारनेरच्या शेजारच्या नगर तालुक्यातील हिवरे बाजार. पाऊस वर्षाला चारशे मिलिमीटरांच्या आसपास. १९८९ नंतर पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली गावाने डोंगरउतारावर पाणी अडविले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे सिंचनासाठी कूपनलिका खोदण्यावर बंदी घातली, उसासारख्या तहानलेल्या पिकांना मनाई केली, आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून त्याप्रमाणे पिके ठरविण्याची पद्धत पाडली. पाणी अडविणारी गावे शेकडो झाली. अडविलेले पाणी कोणी किती उपसावे हे ठरविणारी फार थोडी. फरक तेथेच पडतो.

साथींनो, इथवर तुम्ही माना डोलाविल्या. आपल्या मताला पुष्टी मिळाली की मान डोलते. म्हणून आता आपल्या स्वतःच्या समजुतीकडे वळतो.

'ऊस म्हणजे बागाइतदार, बागाइतदार म्हणजे पाणी पळविणारा श्रीमंत' हे आपले ठरलेले वाक्य आहे. मी ते किती सभांत उच्चारले असेल, याची गणती नाही. त्यात सत्यांश आहे. पण मराठवाड्यातील एखाद्या गावात जाऊन बसा. तेथे दोन एकरांचा धनीही अर्ध्या एकरात ऊस लावतो. त्याला विचारा. तो सांगेल की उसाला कायद्याने ठरलेला दर आहे आणि तो घेणारा कारखाना आहे. पैसे उशिरा मिळतील, पण मिळतील. ज्वारीला आणि तुरीला हमीभाव जाहीर होतो, पण त्या भावाने माल घेणारा भेटत नाही. २०१६ साली कडधान्ये पिकवा असा सरकारने आग्रह धरला. शेतकऱ्याने तूर पिकविली. पीक उदंड आले, आणि बाजारभाव क्विंटलला ५०५० रुपयांच्या हमीभावाच्या खाली घसरला. २०१७ च्या उन्हाळ्यात खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या आणि बारदान नाही म्हणून मापे थांबली. ज्याने त्या रांगेत रात्री काढल्या तो पुढच्या वर्षी उसाकडे वळला, तर त्याला लोभी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. पाण्याची वाटणी बदलावयाची असेल तर ज्वारी-तुरीच्या खरेदीची हमी मागावी लागेल. ऊसवाल्याला शिव्या देणे सोपे आहे. त्याने शिवारातले एक पीकही बदलत नाही.

आणखी एक. गावातले वृद्ध लोक म्हणत असत, "पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही." आम्ही हसत होतो. पावसाची वार्षिक सरासरी काढून दाखवीत होतो आणि हा केवळ म्हातारपणाचा भ्रम आहे असे समजावीत होतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह २०१७ साली दाखवून दिले की, मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. वर्षाची बेरीज तीच दिसली तरी पाऊस पडण्याची रीत बदललेली असू शकते. चार दिवसांत कोसळलेला पाऊस आणि चाळीस दिवस पडलेला पाऊस पिकाला सारखा नसतो. वृद्धांच्या बोलण्यात आठवणींची सरमिसळ असेल. पण ते पेरणीच्या अंगाने पाऊस मोजत होते आणि आम्ही सरासरीच्या अंगाने. त्यांचे माप आमच्यापेक्षा वास्तवाच्या जवळचे होते.

यावरून मी एवढेच शिकलो की, लोकांच्या समजुती चूक आणि शिकलेल्यांचे ज्ञान बरोबर, ही देखील एक समजूतच आहे. समजूत निराधार असती तर ती टिकली नसती. पाऊस न पडल्यावर पीक जाते, हा प्रत्येक शेतकऱ्याचा अनुभव आहे. दुष्काळाची समजूत त्या खऱ्या अनुभवावरच उभी आहे. पण ती टिकण्याचे आणखी एक कारण आहे. ती फार जणांच्या सोयीची आहे. आकाशाला जबाबदार धरले की धरणाचे पाणी कोणत्या फाट्याला सुटले हे कोणी विचारीत नाही. मजुरी का थकली याची फाइल उघडत नाही. मंत्र्याला टँकरचे उद्घाटन करता येते. विरोधकाचीही त्यात सोय असते. दुष्काळ जाहीर करा, ही मागणी करावयास गावातील कोणाशीच वैर घ्यावे लागत नाही. पाणी माणशी वाटा, ही मागणी केली की आपल्याच सभेतील पुढच्या रांगेतली चार माणसे उठून जातात. त्या चौघांना दुखवावयाचे नाही म्हणून आपणही आकाशाकडे बोट दाखवीत आलो आहोत.

म्हणून या अभ्यासवर्गातून परत जाताना प्रत्येकाने एक काम अंगावर घ्यावे, अशी माझी विनंती आहे. आपापल्या गावाचा एक ताळेबंद मांडा. गेल्या दहा वर्षांचा पाऊस किती आणि किती दिवसांत पडला, हे मंडळाच्या नोंदीतून उतरून घ्या. विहिरी किती, कूपनलिका किती, त्यांची खोली दहा वर्षांपूर्वी किती होती आणि आज किती आहे, हे घरोघर विचारा. कोणत्या पिकाखाली किती एकर आहे, ते पीकपाहणीतून काढा आणि शिवारात फिरून पडताळा, कारण कागद आणि शिवार यांचे जमेलच असे नाही. ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांच्या वस्तीवर पाणी कोण आणते, किती वेळात आणते आणि हंड्यामागे काय पडते, हे त्या बायकांकडूनच ऐका. रोजगाराच्या कामाची मागणी किती जणांनी केली, मजुरी किती दिवसांनी मिळाली, ते लिहून ठेवा.

हे काम महिनाभर पुरेल. यातून निघणारे उत्तर तुमच्या आवडीचे असेलच असे मी सांगू शकत नाही. एखाद्या गावात पाणी उपसणारा आपल्याच पक्षाचा सभासद निघेल. एखाद्या गावात खरोखरच पाऊस कमी असेल आणि वाटणी न्याय्य असेल; तेव्हा तसे लिहावे लागेल. जे निघेल ते ग्रामसभेपुढे मोठ्याने वाचून दाखवा आणि चुकले असेल तर लोकांना दुरुस्त करू द्या. आपला ठराव त्यानंतर लिहू.

त्या म्हातारीला मी "चौकशी करतो" असे सांगितले होते. सही झाली, पगार मिळाला, आणि पुढच्या आठवड्यात मी त्या कामावर गेलो तेव्हा ती हातोडी बाजूला ठेवून म्हणाली, "आता सांग तुझं भाषण." मी त्या दिवशी भाषण केले नाही. हजेरीपट घेऊन तिच्याशेजारी बसलो आणि कोणाचे किती दिवस भरले ते एकेक नाव वाचून ताडून पाहिले. त्यात अकरा चुका सापडल्या.